जपानी आणि इंडोनेशियन पॉप संगीत आशियात मागे का पडलं? कोरियामुळे का?

कोरियामुळे, हे मला अर्धंच पटतं. दोन्ही देशांत गाणी ज्या पद्धतीने विकली जात होती, तिनेच आधी घात केला.

जपानचं बघा. हाँगकाँगमध्ये जपानी चालींवर कँटोनीज शब्द बसवून गाणी हिट व्हायची. तिथली गायिका फे वाँग हिच्या १९९२ च्या गाजलेल्या गाण्याची मूळ चाल जपानी गायिका-गीतकार मियुकी नाकाजिमाची. दक्षिण कोरियाने १९९८ पासून जपानी कलांवरची बंदी टप्प्याटप्प्याने उठवायला घेतली, तेव्हा जपानमधली सीडीविक्री शिखरावर होती. अमेरिकेखालोखाल मोठी बाजारपेठ घरातच, मग बाहेर बघतंय कोण? यूट्यूबवर कितीतरी कंपन्या गाण्याचा तुकडा टाकून थांबायच्या. एकेबी४८ या मुलींच्या जपानी पॉप गटाच्या सीडीत गटातल्या आवडत्या मुलीला मत द्यायचा कोड किंवा कलाकाराशी हात मिळवायचं तिकीट असायचं, म्हणून चाहते एकच सीडी ढिगाने घ्यायचे. जपानमध्ये पैसा झाला, पण मनिलातल्या पोराला त्याचा काय उपयोग? कोरियन कंपन्या तोवर अख्खे व्हिडिओ फुकट दाखवत होत्या.

इंडोनेशियाची कथा मला जास्त चटका लावते. शीला ऑन सेव्हन, पीटरपॅन, देवा नाइन्टीन हे बँड मलेशियात इतके वाजायचे (भाषा जवळपास एकच) की २००८ मध्ये तिथल्या कलाकारांच्या संघटनेने रेडिओवर नव्वद टक्के मलेशियन आणि दहा टक्के इंडोनेशियन गाणी लावा अशी मागणी केली. घरी मात्र पायरेटेड सीडींचा सुळसुळाट. त्यामुळे सगळी मदार कॉलर ट्यूनवर. ध्रुवपद पहिल्या काही सेकंदांत कानात बसलं पाहिजे, अशा बेताने गाणी होऊ लागली. मग न मागता सुरू झालेल्या मोबाइल सेवांपायी लोकांचा बॅलन्स कापला जातोय अशा तक्रारी वाढल्या आणि ऑक्टोबर २०११ मध्ये दूरसंचार नियामकाने अशा सगळ्या सेवा एकदम बंद करायला लावल्या. कॉलर ट्यूनही त्यात गेल्या. एका फटक्यात उत्पन्नाचा कणाच मोडला. पुढे केएफसीच्या काउंटरवर चिकनबरोबर सीडी विकल्या जायच्या, कारण कॅसेट-सीडीची दुकानंच बंद पडत होती.

पण मागे पडलं म्हणजे संपलं, असं मुळीच नाही. जपानी गायिका मायुमी इत्सुवाचं ‘कोकोरो नो तोमो’ हे १९८२ च्या अल्बममधलं गाणं जपानमध्ये फारसं कुणाला ठाऊक नाही. इंडोनेशियात मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या गायलं जातं, जपानीचा एक शब्द न येणाऱ्यांकडूनही. एकेबी४८ ने परदेशातला पहिला गट काढला तोही २०११ मध्ये जकार्तात. २०२० मध्ये रेनिच या इंडोनेशियन गायिकेने मिकी मात्सुबाराचं १९७९ चं ‘मायोनाका नो दोआ’ गाऊन यूट्यूबवर टाकलं, आणि काही आठवड्यांत मूळ गाणं स्पॉटिफायच्या जागतिक व्हायरल यादीत पहिलं आलं. ऐकायला सुरुवात करायची तर आधी मात्सुबाराचं लावा, मग रेनिचचं.