कॅम्पर व्हॅनमधला फ्रिज विजेवर गार होतो, पण प्रोपेनवर नाही. काय तपासू?

विजेवर गार होतोय म्हणजे कूलिंग युनिट शाबूत आहे. दोष गॅसच्या बाजूला. आधी शेगडी पेटवा. तीही मंद जळत असेल तर सिलिंडर किंवा रेग्युलेटर बघा. शेगडी ठणठणीत असेल तर व्हॅनच्या बाहेरून फ्रिजमागची जाळी काढून फ्रिजच्या बर्नरची ज्योत पाहा. ती निळी, स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी असेल तर बहुधा चिमणीतून पडलेला गंज आणि काजळी बर्नरवर साचलीय. गॅस बंद करून, गार झाल्यावर मऊ ब्रशने झाडा. जेटमध्ये (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक असलेला भाग) सुई मात्र घालू नका. भोक मोठं झालं की जेटच बदलावा लागतो. फ्रिज पेटवताना दाबलेलं गॅसचं बटण सोडताच ज्योत विझते? थर्मोकपलचं (ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणारा सेन्सर) टोक ज्योतीत आहे का बघा. आणि घाई नको, हे फ्रिज गार व्हायला काही तास घेतातच.