आधी तारीख, मग शेरा

प्रिय,

परवा धरमपेठेत घरी येऊन तू विचारलंस, "सर, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेत राहून युद्धाला विरोध करणारे डेमोक्रॅट, म्हणजे कॉपरहेड, देशद्रोही होते की शांततावादी? प्रबंधात एक काय ते लिहून टाकते." घाई कळते. पण एक काय ते लिहायचंच नसतं. आधी तारीख लिही.

1864 चा ऑगस्ट घे. 23 तारखेला लिंकनने चिठ्ठी लिहिली, आपलं सरकार पुन्हा निवडून येण्याची चिन्हं नाहीत. आणि चिठ्ठीच्या मागे मंत्र्यांच्या, त्यांना ती न वाचू देताच, सह्या घेतल्या. आठवड्याभराने शिकागोत डेमोक्रॅटांनी ठराव केला: चार वर्षांचं युद्ध फसलं, बोलणी करा. 2 सप्टेंबरला दक्षिणेचं अटलांटा उत्तरेच्या फौजेच्या हाती पडलं. 8 तारखेला त्यांच्याच उमेदवाराने, मॅक्लेलनने, ठरावातून अंग काढून घेतलं. नोव्हेंबरात लिंकनला 212 निर्वाचक मतं, मॅक्लेलनला 21. मग शिकागोवाले फितूर ठरले. अगं, ठराव झाला तेव्हा खुद्द लिंकन हरायच्या तयारीत होता!

त्यांना सोडून दे असं नाही म्हणत. कित्येकांना गुलामगिरी राहिली तरी चालणार होती, ते स्वच्छ लिही. न्यूयॉर्कमध्ये 11 जुलै 1863 ला सक्तीच्या भरतीची नावं निघाली, 300 डॉलर भरणाऱ्याला सूट. 13 ला शहर पेटलं. गरिबांचा संताप म्हणतेस ना? मग त्याच दिवशी काळ्या मुलांचा अनाथाश्रम जाळला, तेही त्याच ओळीत येऊ दे.

दक्षिणही एकजीव नव्हती. ऑक्टोबर 1862 मध्ये वीस गुलामांमागे एका गोऱ्याला भरतीतून सूट. पुढच्या एप्रिलात दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, बायकांनी भाकरीसाठी दुकानं फोडली. हे तुझ्याकडे दोन ओळींत उरकलंय. (कापसाच्या भावाचं प्रकरण मात्र झकास. वऱ्हाडच्या पोरीला ते काय शिकवायचं!)

माझ्या प्रबंधावर परीक्षकांनी "ठाम निष्कर्ष नाही" असा शेरा मारला होता. नोकरी उशिरा लागली, बढती राहून गेली. त्याची हळहळ आहे, खोटं कशाला बोलू? पण मी वाक्य बदललं नाही, आणि ते बरोबरच होतं. हट्टी म्हणतात मला, म्हणोत बापडे.

आता कॉपरहेडांचा पुढारी व्हॅलँडिगहॅम. त्याचं युद्धविरोधी भाषण 1 मे 1863 चं, 5 मेच्या पहाटे लष्कराने त्याला घरातून उचललं. गुप्त संघटनेचं प्रमुखपद त्याने घेतलं 1864 मध्ये. तू दोन्ही एका वाक्यात कोंबून अटक योग्य ठरवलीस! ते पान फाडून नव्याने लिही आणि रविवारी ऊन चढायच्या आत घेऊन ये.

तुझा,
सर