लिव्हर सिरॉसिसच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली तर काय करायचं? हॉस्पिटलात नेल्यावर दुर्बीण घालायला इतका वेळ का लावतात?

तुम्ही लिहिलंय की पेडण्यात तुमच्या शेजारच्या काकांना रात्री रक्ताची उलटी झाली, हॉस्पिटलात नेल्यावर पहाटेपर्यंत दुर्बीण घातलीच नाही आणि ते गेले. तुमच्या वडिलांनाही सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत (लिव्हर) निबर झालंय, म्हणून विचारताय की तो हलगर्जीपणा होता का.

त्या काकांचं मी सांगू शकत नाही. केसपेपर न बघता कुणीच सांगू नये. पण मी 17 वर्षं नर्स आहे, आधी कॅज्युअल्टीत आणि आता एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासायच्या खोलीत. दुर्बिणीआधीचे ते तास रिकामे नसतात. बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं दिसत नाही, एवढंच.

आधी घरचं सांगते. उलटीत लाल रक्त असो, कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट असो, किंवा शी डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होत असो, सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. पेशंटला कुशीवर झोपवा. तोंडात काही घालू नका, लिंबूपाणी नाही, ॲसिडिटीची गोळीसुद्धा नाही. गुंगी आली की पोटातलं फुफ्फुसात जातं. जुनी फाईल आणि चालू गोळ्या पिशवीत घ्या. पेडण्याहून बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटल (गोवा मेडिकल कॉलेज) गाठायचं तर वाटेत म्हापसा लागतं आणि पुढे पर्वरीचं ट्रॅफिक. आधी कुठे थांबायचं ते ॲम्ब्युलन्सवाल्यांना ठरवू द्या, सलाईनची सुई निदान गाडीतच लागते.

आणि दारातून आत शिरतानाच सांगा: "सिरॉसिस आहे."

हे एवढं जोर देऊन का सांगतेय? एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आली. हातात हिरवं टब, वर वर्तमानपत्र झाकलेलं. म्हणाली, ॲसिडिटी आहे, काल तिखट खाल्लं. अल्सर धरून उपचार सुरू झाले. बीपीचा पट्टा बांधताना मला त्याचे पिवळे डोळे दिसले, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा, पोट ताणलेलं. विचारलं तेव्हा तिने मला बाजूला ओढून हळूच सांगितलं, "सिस्टर, ताणें आतां सोरो सोडला." (त्याने आता दारू सोडलीय.) आम्हाला जे हवं होतं तेच ती अर्धा तास लपवत होती. (सिरॉसिस हिपॅटायटिस बी-सीने होतो, मधुमेह-लठ्ठपणातल्या फॅटी लिव्हरनेही होतो. पण गोव्यात लिव्हर म्हटलं की अख्खा वॉर्ड फेणीवर येऊन थांबतो, मग बायका लाजणार नाहीत तर काय.)

त्या एका शब्दाने काय बदलतं ते बघा. खाजन शेतातली (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, तुम्ही पाहिली असेल. ती बंद राहिली तर मागचं पाणी बांधाच्या कमकुवत जागा शोधतं. आतडी आणि प्लीहेकडून येणारं रक्त यकृतातून जायचं असतं. यकृत निबर झालं की ते मागे तुंबतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या, जठराच्या बारीक शिरांतून वाट काढतं. या शिरा फुगतात आणि एक दिवस फुटतात. म्हणून सिरॉसिस आहे म्हटल्यावर दुर्बिणीची वाट न बघता दोन गोष्टी सुरू करतात.

पहिली, टर्लिप्रेसिन, सुरुवातीला साधारण दर 4 तासांनी 2 मिलिग्रॅम. काही ठिकाणी त्याऐवजी ऑक्ट्रिओटाईड. याने आतड्याकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मानशीमागे येणारं पाणीच कमी होतं. यात बोटं गार किंवा निळसर पडली, छातीत दुखलं, तर लगेच सिस्टरला सांगा. दुसरी, अँटिबायोटिक, बहुतेकदा सेफ्ट्रायॅक्सोन 1 ग्रॅम रोज. "ताप नाही, मग हे कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. अशा पेशंटमध्ये आतड्यातले जंतू सहज रक्तात, पोटातल्या पाण्यात शिरतात आणि इन्फेक्शन झालं की रक्तस्राव पुन्हा होण्याची शक्यता वाढते. या इंजेक्शनने मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे.

खरं भांडण होतं ते रक्तावरून. नातेवाईक डोनर घेऊन उभे असतात आणि डॉक्टर म्हणतात, हिमोग्लोबिन 8 आहे, आता पुरे. लोकांना वाटतं कंजूषपणा चाललाय. पण मानस बंद असताना वरून आणखी पाणी ओतलं तर बांधच जाणार. 2013 मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी पोटातून रक्तस्राव झालेल्या 921 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांत 6 आठवड्यांनी 95 टक्के जिवंत होते, 9 च्या खाली जाताच दिलेल्यांत 91. म्हणून 7 ते 8 वर ठेवतात. धो धो रक्त जात असेल तर हा हिशोब लागू नाही, तेव्हा पिशव्या लागतातच.

प्लाझ्माचंही, म्हणजे रक्तातल्या पिवळ्या द्रवाचंही, तसंच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढलेला दिसला म्हणून पिवळ्या पिशव्या चढवल्या तर दाब वाढतो, फायदा फारसा नाही. आणि ते "रक्त थांबवायचं इंजेक्शन", ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड? 2020 च्या मोठ्या चाचणीत, 12,009 पेशंटमध्ये, मृत्यू कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या. ते देत नाहीत म्हणून डॉक्टरशी हुज्जत घालू नका.

मग दुर्बीण. बीपी सावरल्यावर, 12 तासांच्या आत, असा नियम आहे. पोट रक्ताने भरलेलं असताना घाई केली तर आत नुसता लाल अंधार दिसतो. म्हणून आधी एरिथ्रोमायसिनचं सलाईन देऊन जठर रिकामं करतात, आणि पेशंट गुंगीत असेल तर श्वासनलिकेत नळी घालतात. बँडिंग मी शेकडो वेळा पाहिलंय. दुर्बिणीच्या टोकावरच्या पारदर्शक टोपीत फुगलेली शीर ओढून घेतात, चाक फिरवलं की रबराचं बारीक कडं निसटून तिच्या मुळाशी बसतं, आणि शीर जांभळासारखी टम्म काळीनिळी होते. जठरातल्या शिरांना बँड नाही, ग्लू टोचतात. एवढ्यानेही थांबलं नाही तर फुग्याची नळी घालून दाब देतात. ती 24 तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत, तेवढ्यात टिप्सची सोय बघायची, म्हणजे गळ्यातल्या शिरेतून जाऊन यकृतात स्टेंट घालून नवी वाट काढायची. हे सगळं करूनही 6 आठवड्यांत 15 ते 20 टक्के पेशंट जातात. तुमच्या शेजारच्या काकांबद्दल लिहिताना हेच माझ्या डोक्यात होतं.

घरी आल्यावर सुरुवातीला पेज, मऊ भात. बँड काही दिवसांनी गळून पडतो आणि तिथे जखम राहते. शी पुन्हा काळी झाली तर परत या, मात्र लोहाच्या गोळ्यांनीही ती काळी होते, तेवढं डॉक्टरांना सांगा. लॅक्टुलोजने (शी पातळ करणाऱ्या औषधाने) जुलाब होतात म्हणून ते परस्पर बंद करू नका, दिवसाला दोन-तीन वेळा पातळसर व्हायलाच हवी, नाहीतर मेंदूवर गुंगी चढते. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको.

तुमच्या वडिलांची शेवटची दुर्बीण कधी झाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. झालीच नसेल तर पुढच्या ओपीडीला स्वतःहून विचारा. मोठ्या शिरा दिसल्या तर न फुटताही बँड घालता येतात, किंवा त्या शिरांतला दाब कमी करणारी कार्व्हेडिलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी सुरू करता येते. जुना रिपोर्ट असेल तर त्यातली शिरांची ग्रेड इथे लिहा, मी बघते.