भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये नळ, ड्रेनेज आणि गळतीच्या तक्रारी आधीच कशा टाळाव्यात?

तुम्ही नाशिकला राहता, फ्लॅट पुण्यात भाड्याने दिलाय, आणि दर भाडेकरूच्या वेळी कधी सिंक तुंबतं तर कधी खालच्या मजल्यावरचे ओल आल्याची तक्रार करतात, असं तुम्ही लिहिलंय.

वाकडमधला आमचा फ्लॅट आणि परदेशी असलेल्या नातेवाइकांचे फ्लॅट भाड्याने द्यायचं काम मीच बघते. माझं मत विचाराल तर निम्मी नुकसानी गळतीमुळे होत नाही, गळती वेळेवर न कळल्यामुळे होते. भाडेकरूला थेंब दिसत असतो, पण डिपॉझिटमधून पैसे कापतील या धास्तीने तो गप्प बसतो. म्हणून सुरुवात करारापासून करा. भिंतीतली लाइन, नळ, फ्लश, गीझर जुनं होऊन बिघडलं तर खर्च मालकाचा. खरकटं नाहीतर केस अडकून तुंबलं तर भाडेकरूचा. आणि गळती कळवली म्हणून डिपॉझिटला हात लावणार नाही. हे लिव्ह अँड लायसन्समध्ये साध्या भाषेत घाला आणि चावी देताना तोंडीही सांगा. मग बघा, फोटो आपणहून व्हॉट्सॲपवर येतात.

दुसरं, एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे मोकळे दिवस वाया घालवू नका. प्लंबर तेव्हाच बोलवा आणि शक्यतो स्वतः हजर राहा. सगळे अँगल कॉक, म्हणजे बेसिन, फ्लश वगैरेंचं पाणी बंद करायचे भिंतीतले छोटे कॉक, पूर्ण बंद करून पुन्हा उघडायला लावा. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की वर्षभर न फिरवलेला कॉक जाम होतो. ऐनवेळी बेसिनखाली नळी फुटली आणि घरातला मेन व्हॉल्व्हही फिरला नाही, की मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायची पाळी येते आणि त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचं पाणी जातं. जाम कॉकशी झटापट नको, मोडला तर तुकडा भिंतीत राहतो. तो बदलूनच घ्या.

बेसिन आणि फ्लशच्या टाकीला लावलेल्या स्टीलच्या जाळीच्या नळ्या वरून चकचकीत असतात, पण आतली नळी कडक होऊन तडकते. नटापाशी गंजाचे ठिपके दिसले किंवा जाळीची तार सुटलेली दिसली, की नळी बदला. त्यातही जेट स्प्रेची नळी फार दगा देते. लोक हातातला खटका सोडतात, पण मागचा कॉक उघडाच ठेवतात, म्हणजे नळीवर चोवीस तास दाब. भाडेकरू दिवाळीला गावी गेला आणि मागे ती फुटली, तर पाणी थेट लिफ्टपर्यंत पोचतं. वापर झाला की मागचा कॉक बंद करायची सवय लावायला सांगा, अगदी आग्रहाने.

फ्लशची गळती ऐकू येत नाही. टाकीत थोडा खायचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबरी सील गेलंय.

खालच्यांच्या छताला ओल बहुतेक वेळा नहाणीच्या ट्रॅपभोवतून (जाळीखालचं, पाणी साठून राहणारं भांडं) नाहीतर टाइल्सच्या सांध्यांतून जाते. घर सोडताना साफसफाईवाले चकाचक करायला ॲसिड ओततात, ते नेमकं या सांध्यांतलं सिमेंट खातं. ॲसिडला साफ मनाई करा आणि सांधे एपॉक्सीने भरून घ्या. ओल बाहेरच्या डक्टमधल्या सामायिक पाइपातून येत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीची, त्यामुळे तोडफोड करण्याआधी तेवढं तपासा.

गीझरबद्दल मात्र कळकळीने सांगते. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं हे त्याचं काम आहे. मी एका घरात व्हॉल्व्हची ती बारकी नळी चिंधीने घट्ट बांधलेली पाहिली आहे. दाबाला वाटच उरली नाही तर टाकी फुटू शकते. नव्या भाडेकरूला हे दाखवूनच द्या.

सिंकला बारीक जाळी तुम्हीच बसवून द्या. चहाचा चोथा आणि तेलकट भात पाइपात जातो तो तिथूनच.

फ्लॅट महिनाभर रिकामा राहणार असेल तर मेन व्हॉल्व्ह बंद करा आणि निघताना प्रत्येक नहाणीत मग-दोन मग पाणी ओता. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की ड्रेनेजचा वास आणि झुरळं वर येतात, आणि घर बघायला आलेला माणूस दारातूनच परत जातो. मेन व्हॉल्व्ह कुठे आहे याचा छोटा व्हिडिओ काढून भाडेकरूला पहिल्याच दिवशी पाठवा. तुम्ही नाशिकहून पोचेपर्यंत पाणी बंद करणार आहे तो तोच.