क्रोन्समध्ये नुसत्या फॉर्म्युल्यावर मूल राहतं का?

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज येणारा आजार, निघालाय, डॉक्टर स्टेरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे फक्त पातळ फॉर्म्युला द्या म्हणताहेत, आणि तेवढ्यावर तो राहील का, असं तुम्ही विचारलंय. राहतो. माझी मुलगी अकराव्या वर्षी आठ आठवडे राहिली.

मी बरेच दिवस याला पथ्य समजत होतो. पथ्य नाही, हे औषधच आहे. उष्मांक, प्रथिनं, जीवनसत्त्वं सगळी त्यातूनच मिळतात. दहातल्या सातआठ मुलांचा आजार याने आटोक्यात येतो, म्हणजे स्टेरॉइडइतकाच. शिवाय आतड्याचं अस्तर जास्त चांगलं भरून येतं आणि स्टेरॉइडने उंचीवर होणारा परिणाम टळतो. मात्र हे क्रोन्सपुरतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारात याचा असा भरवसा देता येत नाही.

पहिला आठवडा वाईट जातो. भुकेपेक्षा चवीचा कंटाळा आणि चावायला काही नाही याचं दुःख जास्त. थंडगार करून, झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने दिलं की वास कमी येतो. तिसऱ्या दिवशी मुलगी पेला ढकलून रडत बसली, तेव्हा नाकातून नळी घालावी लागली. मला तो पराभव वाटला. तिला मात्र सुटका वाटली, कारण रात्री झोपेतच निम्मं पोटात जायचं. दहा दिवसांनी ती आपणहून प्यायला लागली. आम्ही जेवायचो ते ती दुसऱ्या खोलीत असताना, चोरासारखे.

घरातलं कुणीतरी ‘एक घास दिला तर काय होतंय’ म्हणणारच. ठाम राहा. अर्धा फॉर्म्युला आणि अर्धं मनाला येईल ते जेवण, असं केलं की गुण खूपच कमी येतो. ठरावीक पदार्थच ठेवून अर्धा फॉर्म्युला देणारा एक्सक्लूजन डाएट वेगळा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो मुलांना जास्त सोसवला होता. नुसता फॉर्म्युला अगदीच जमेना तर डॉक्टरांकडे त्याचा विषय काढा.

मूल फार खंगलेलं असेल तर सुरुवात हळूहळू, रक्तातलं फॉस्फेट तपासत करतात. तिथे घाई करू नका.

आणि फॉर्म्युला थांबल्यावर आजार दबलेला ठेवायला कोणतं औषध, कधीपासून? आम्ही हे सातव्या आठवड्यात विचारलं. तुम्ही पुढच्याच भेटीत विचारा.