"पैसे असते तर ठेवलं असतं" लिहिणाऱ्या दिघोरीच्या पोरीला

आधी पत्र थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ही पोरगी 28 वर्षांची, नागपुरात दिघोरीत भाड्याच्या खोलीत राहते. दोन मुली आहेत, मोठी 7 ची आणि धाकटी 4 ची. नवऱ्याचं हिंगणा एमआयडीसीतलं ठेक्यावरचं काम सुटलं, आता भाड्याचा ई-रिक्षा चालवून राहिला. ही तीन घरी पोळ्या-भाजी करते, 8 हजार मिळतात, त्यातले साडेतीन खोलीला जातात आणि वरून बचत गटाचा हप्ता. त्यात पुन्हा दिवस गेलेत, आता दहावा आठवडा लागला आहे. सासू म्हणते राहू दे, कुठंतरी "पाहून" घेऊ, पोरगा असला तर ठेवू. शेजारीण म्हणते पाप लागते. एका खासगी दवाखान्यात गेली तर नवऱ्याची सही आण म्हणाले. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, पैसे असते तर मी ठेवलं असतं. पैशापायी लेकरू पाडणारी आई कशी असते?"

पोरी, तुझं शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. पैशापायी म्हणतेस, पण पैसा म्हणजे काय ते तुझ्याच पत्रात लिहिलंय ना, दोन पोरींचं जेवण, खोली आणि हप्ता. या दोघींचा विचार करूनच तू रात्री जागून राहिली आहेस, मग आई कशी असते हे तुला दुसऱ्या कोणी काहून सांगावं? आणि हे कारण लाजण्यासारखं नाही, हे कायद्यानंही मानलंय. 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यातच लिहिलंय की बाईच्या तब्येतीला धोका आहे का हे ठरवताना डॉक्टर तिची आजची आणि पुढं येऊ शकणारी परिस्थिती बघू शकतात. परिस्थिती म्हणजे तुझी ही खोली, हा हप्ता, हे सगळं आलंच त्यात.

ते सहीचं आधी डोक्यातून काढ. तू 18 च्या वर आहेस, तुझी एकटीची सही पुरते, कायद्यात नवऱ्याच्या सहीची अट नाहीच. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं. तुझं नाव बाहेर सांगायची डॉक्टरला परवानगी नाही. आणि सासूबाईंचं ते "पाहून घेऊ", त्यावर मात्र मी काहीच समजून घेणार नाही, मुलगा-मुलगी तपासणं हा 1994 च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या दोन पोरी घरात हे बोलणं ऐकून राहिल्या आहेत. 7 वर्षांच्या पोरीला सगळं कळतं.

आता ठेवायचं झालं तर मदत काय मिळते ते खरं खरं सांगते, कारण "सरकार एवढं देते, ठेव ना" म्हणणारे लई भेटतील तुला. बाळंतपण सरकारी दवाखान्यात फुकट होतं, 2011 पासून सिझर, औषधं, रक्त, तिथलं जेवण, घरी सोडायची गाडी सगळं त्यात धरलेलं आहे, आणि तिसरं आहे म्हणून कोणी नाही म्हणू शकत नाही. अंगणवाडीतून गरोदरपणात आणि नंतर सहा महिने आहार मिळतो. लाडकी बहीणचे 1500 येत असतील तर ते येतच राहतील. पण मातृवंदना योजनेचे 5 हजार पहिल्या खेपेला असतात, दुसरी मुलगी झाली तर 6 हजार, तिसऱ्याला काही नाही. मुलींसाठीची लेक लाडकी योजनाही दोन मुलांपर्यंतच. म्हणजे बघ, ज्या घरी तिसरं येतं आणि हात सगळ्यात जास्त अडकलेला असतो तिथंच योजना संपतात. तिसरं नको असं सरकार एका हातानं सांगते आणि शेजारीण म्हणते पाप लागते, मधात तू. याचा मला खरंच राग येतो.

आणि पैशाहून मोठं एक आहे जे कोणीच मोजत नाही. लेकरू धरायचं कोणी? अंगणवाडीत तीन वर्षांचं झाल्यावर बसवता येतं, त्याच्या आधी फक्त खाऊचं पाकीट मिळतं, सांभाळायला माणूस नाही. तू सकाळी पोळ्या करायला जाशील तेव्हा बाळ कोणापाशी? नवरा रिक्षावर, सासू गावाला. मग राहते तुझी मोठी पोरगी. हे मी अंदाजानं नाही सांगून राहिले, मी स्वतः ती मोठी पोरगी होते. आम्ही पाच भावंडं, माझी आई शेतावर जायची, दुसरीत असताना धाकट्याला कडेवर घेऊन मी घरी थांबायची, दोन वर्षं शाळा गेली माझी. भाऊ आज माझा जीव की प्राण आहे, तो नसता असं एक दिवसही मनात आलं नाही. पण ती दोन वर्षं गेली हेही खरं आहे आणि आईला शेवटपर्यंत ते खुपत राहिलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात होतात, म्हणून तर हे अवघड आहे.

म्हणून तुला एक विचारते, उत्तर मला नको देऊ, रात्री पोरी झोपल्यावर स्वतःला दे. उद्या नवऱ्याला कायमची नोकरी लागली आणि बाळाला सांभाळायला माणूस मिळाला असं धर, तर मनाला आनंद होतो की तरीही थकल्यासारखं वाटते? आनंद होत असेल तर तुला लेकरू हवंच आहे, अडचण फक्त सोयीची आहे. मग चार दिवस सोय शोध. ज्यांना ठेव म्हणायचंय त्यांना सरळ विचार, सासूबाई इथं येऊन तीन वर्षं राहतील का, शेजारीण सकाळी नऊ ते एक बाळाला घेईल का. गटातल्या बायांना विचार, ज्या घरी पोळ्या करतेस तिथं बाळंतपणात तीन महिने काम राखून ठेवतील का तेही आताच बोलून घे. कोणी खरंच हो म्हटलं तर तो आधार समज, नुसतं "होऊन जाईल" म्हटलं तर धरू नको. आणि तरीही थकल्यासारखंच वाटत असेल तर पोरी, उत्तर तुझ्यापाशी आधीपासून आहे, पैसा त्यातलं एक कारण आहे फक्त, आणि ते उत्तर घेऊन दवाखान्यात जायला कोणाची परवानगी नको.

मात्र वेळ नको घालवू. मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणून घरी घेऊ नको, त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीनं आणि नऊ आठवड्यांपर्यंतच, तुझे ते उलटून गेलेत. 2015 मध्ये देशात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास पाऊण हिस्सा दवाखान्याबाहेर गोळ्या खाऊन, म्हणजे तुझ्यासारख्या किती जणी एकट्यानं हे निभावून राहिल्या बघ. तुला तसं करायची गरज नाही. बारा आठवड्यांच्या आत दवाखान्यात हे सोपं असतं, पुढं अवघड होत जातं. गांधीबागेत डागा आहे, बायांचाच सरकारी दवाखाना, नाहीतर मेयो किंवा मेडिकल, हेही सरकारीच मोठे दवाखाने. खासगीसारखं बिल लागत नाही. आधी नसबंदी कर मगच करू असं कोणी म्हटलं तर ती अट नाही, तुझी इच्छा असेल तरच. पुढं दिवस राहू नयेत म्हणून तांबी हवी का, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन हवं का, ते तिथंच विचार, दोन्ही फुकट आहेत.

नवऱ्याबद्दल तू एवढंच लिहिलंस की "तो काही बोलत नाही". त्याचं काम सुटल्यापासून त्याला तोंड दाखवायला लाज वाटत असेल बहुतेक. त्याला हे पत्र वाचायला दे, मग दोघं मिळून हिशेब मांडा, वहीत, खरे आकडे घालून. तो आला सोबत तर चांगलंच, नाही आला तर गटातली एखादी ताई घे. आधार कार्ड घे, आधीची सोनोग्राफी केली असेल तर तो कागद घे, आणि सकाळीच जा, उशिरा गेलं की ओपीडीची रांग लई मोठी होते. त्या दिवशी मोठीला मात्र शाळेत पाठव, धाकटीसाठी घरी थांबवू नको.