गोधडी मधे फुगली म्हणून पुन्हा त्यांच्याच हातात देऊ नका

ताई, बहिणीच्या बाळासाठी तुम्ही ३६ बाय ३६ इंचाची गोधडी केलीत, चौकोन घरी जोडलेत आणि अस्तर लावून मशिनचे टाके घालायला बाहेर दिलीत. ती मधे फुगून आली, मागे चुण्या पडल्या, आणि आता मशिनवाले म्हणतात "एकदा धुतली की बसेल." तुमचं वाचून पोटात गोळाच आला, कारण अगदी हेच मी भोगलंय. धुतल्यावर ती बसत नाही. सुती कापड थोडं आटतं, पण शिलाईत दाबली गेलेली चुणी तिथेच राहते, उलट जास्त उठून दिसते.

तुकडे कापणं, पाव इंच शिवण धरणं तुम्हाला येतंच. त्यात शिरत नाही.

माझ्या गोधडीत सासूबाईंचं जुनं इरकल होतं. अंग विरलेलं, पण काठ धडधाकट. तो काठ मी चारी बाजूंनी चौकटीसारखा लावला होता आणि देताना बजावून सांगितलं होतं, काठाला कात्री लावायची नाही. नाव घेत नाही, पण सोलापुरातच, भरपूर काम असलेलं ठिकाण. त्यांनी एका कडेपासून सुरुवात केली आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने मारत नेल्या. मशिनचे दात खालचं कापड ओढतात, वरचा पाय वरचं कापड पुढे ढकलतो. ओळीमागून ओळ वरचा थर सरकत गेला, शेवटी झोळ उरला आणि तो त्यांनी घडी घालून शिवून टाकला. कड वाकडी आली म्हणून "चौकोनात आणायला" काठासकट कातरली. विचारायला गेले तर पावतीच्या मागची ओळ दाखवली, मालाची जबाबदारी आमची नाही. कातरलेल्या पट्ट्या तरी द्या म्हटलं, तर त्या कचऱ्यात गेल्या होत्या. इरकल विकत आणखी मिळेल हो, पण ते सासूबाईंनी नेसलेलं नसेल. आजही तिकडून जाताना राग येतो. लोकांच्या घरातलं जुनं कापड हातात घेता, तर सुई लावण्याआधी एकदा विचारायला काय जातं?

म्हणून माझं ठाम मत: टाके कुणाकडूनही घालून घ्या, पण तिन्ही थर एकत्र टाचून, कच्चे टाके घालूनच गोधडी घराबाहेर काढा. अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं. ते फरशीवर उलटं पसरून कडा चिकटपट्टीने ताठ बसवा (ताणू नका, नुसतं सपाट), त्यावर मधला थर, त्यावर तुमचं काम. मग मधोमध सुरू करून बाहेरच्या दिशेने दर चार बोटांवर कच्चा टाका. पक्की शिलाईही मधूनच बाहेर. देताना हे कागदावर लिहून गोधडीलाच टाचा. तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आत कारागिरापर्यंत पोहोचत नाही.

आता कुणी म्हणेल, आपल्या बायका तर कडेकडून आत शिवत येतात. बरोबर आहे. उत्तर कर्नाटकातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी करतात तीही कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने मध्यापर्यंत. पण तिथे तुकडे आधी जोडलेले नसतात. हात पुढे जाईल तसा एकेक तुकडा ठेवून, कड दुमडून धावदोरा घालतात, त्यामुळे जास्तीचं कापड साठतच नाही. तुमचे ६४ चौकोन आधीच एकमेकांना जोडलेत. तिथे कडेपासून आत गेलात की झोळ मधे अडकणारच.

तुमची गोधडी वाचेल असं मला वाटतं. फक्त फुग्यावरचे टाके उसवून भागणार नाही. फुग्यातून जाणाऱ्या ओळी निदान एका बाजूच्या कडेपर्यंत उसवाव्या लागतील. मागच्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापत जा, मग पुढचा दोरा अख्खा ओढून निघतो. ब्लेड वापरू नका, जुनं सुती कापड लगेच फाटतं. उसवल्यावर पाणी शिंपडून इस्त्री दाबली की सुईची भोकं बरीच बुजतात. त्यात टेरिकॉटचे (पॉलिस्टर मिसळलेल्या सुताचे) तुकडे असतील तर इस्त्री मंद. आपल्याकडे गणवेशाच्या कारखान्यांतल्या चिंध्या वजनावर मिळतात, रंगही छान असतात, पण त्यांत टेरिकॉट खूप. ते आटत नाही आणि शेजारचं सुती आटतं, मग प्रत्येक जोडावर सुरकुती. एका गोधडीत दोन्ही नकोतच.

उसवलीच आहे तर दोन्ही कर्ण मोजा. ३६ च्या चौकोनाचा कर्ण ५१ इंचाला किंचित कमी येतो. दोन्हींत फरक असेल तर दोष फक्त मशिनवाल्याचा नाही, बाहेरची पट्टीही बघा. पट्टी कडेला लावत लावत नेली आणि उरलेली कापली, तर कड लाटेसारखी होते. कामाची लांबी मधोमध मोजायची, तेवढीच पट्टी कापायची, आणि मग ती कडेवर बसवायची.

मधला थर म्हणून काहीजणी जुनी सोलापुरी चादर सुचवतील. मोठ्यांसाठी उत्तम, बाळासाठी जड, आणि हाताची सुई तिच्यातून सहज जात नाही. आपला उन्हाळा बघता मऊ सुती साडीचे दोन थर पुरे. हे माझं मत, कुणाला पटणार नाही. गोटासाठी तिरकी पट्टी लागत नाही, सरळ कडेला अडीच इंचाची सरळ पट्टी दुहेरी दुमडून छान बसते. १५४ इंच धरा, म्हणजे कोपरे वळवायला आणि टोकं जोडायला पुरेल. आरसे, मणी, बटणं काही लावू नका. आणि बाळ लहान असेपर्यंत ती खाली अंथरायला, झोपलेल्या बाळाच्या अंगावर नको. याबाबत डॉक्टर सांगतील ते माझ्या शब्दापेक्षा वरचं.

उसवण्याआधी मागच्या बाजूचा एक फोटो उजेडात काढून टाका. ओळी कुठल्या कडेकडून सुरू झाल्यात ते दिसलं की कुठवर उसवायचं ते नक्की सांगता येईल.